आधी अक्षरं, मग घुमट

आग्र्यात भगवान टॉकीजच्या चौकाजवळ उत्तर भारतातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपैकी एक आहे. लोक तिला ‘पादरी संतोस’ म्हणतात. जुन्या कागदांत लष्करपूर हे नाव येतं. आत गेल्यावर नजर थेट एका लाल घुमटाकडे जाते. ते जॉन विल्यम हेसिंगचं थडगं. ताजमहालाच्या धर्तीवर, पण सगळं लाल वालुकाश्मात आणि आकाराने कितीतरी लहान, म्हणून त्याला ‘लाल ताज’ म्हणतात. येणारा त्याच्यासमोर फोटो काढतो आणि परत फिरतो. घुमटाभोवती सतराव्या-अठराव्या शतकातल्या सपाट शिळा आहेत. त्यांच्याकडे वाकून पाहणारे थोडे.

देखभालीचं लक्षही असंच घुमटापाशी थांबतं, आणि हा क्रम चुकीचा आहे. घुमटाचा दगड निखळला तर मोजमापं असतात, छायाचित्रं असतात, त्याच खाणीचा दगड आणि तो घडवणारे कारागीर आजही मिळतात. सपाट शिळेवरच्या तीन ओळी झिजून गेल्या की त्या परत आणण्याचा कुठलाही मार्ग उरत नाही. शिळा नुसती फरशी होते. म्हणून पहिला पैसा, पहिली माणसं आणि पहिला हंगाम अक्षरांच्या नोंदीवर खर्च व्हावा, डागडुजी त्यानंतर. आणि या कामात महाराष्ट्राने आणि गोव्याने आपला वाटा उचलावा, कारण तिथे कोरलेला इतिहास बऱ्याच अंशी आपला आहे.

हेसिंगचंच पाहा. तो हॉलंडमधल्या उत्रेख्तचा. डच कंपनीचा शिपाई म्हणून १७५२ साली तो लंकेत उतरला. पुढे दख्खनेत निजामाकडे त्याने नोकरी केली आणि १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला. मोगल सरदार इस्माइल बेगाशी आग्र्याजवळ झालेल्या लढाईत तो जबर जखमी झाला. महादजींच्या मागे तो दौलतरावांकडे राहिला, १७९८ मध्ये कर्नल झाला आणि लगोलग आग्र्याचा किल्ला व शहर त्याच्या हवाली झालं. २१ जुलै १८०३ रोजी तो वारला तेव्हाही किल्ला त्याच्याच ताब्यात होता. ही सगळी हकिगत त्याच्या थडग्यावरच्या इंग्रजी लेखात कोरलेली आहे. मराठ्यांच्या एका कवायती कंपूतल्या, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणींतल्या, अधिकाऱ्याचं चाकरीपत्रकच म्हणावं असा हा दगड आहे.

लेखाच्या शेवटची नावंही महत्त्वाची आहेत. स्मारक उभारलं विधवा ॲनने आणि मुलांनी. त्यांतला जॉर्ज हेसिंग म्हणजे ज्याच्या पलटणींचा यशवंतराव होळकरांनी १८०१ मध्ये उज्जैनला धुव्वा उडवला तो. मुलगी मॅग्डालीन, तिचं आडनाव सदरलँड. तिचा नवरा रॉबर्ट सदरलँड हाही शिंद्यांच्याच कंपूतला. शिंद्यांच्या फौजेतल्या युरोपीय अधिकाऱ्यांत सोयरिकी कशा जुळल्या होत्या, आणि म्हणून फौजेतल्या भांडणांत कोण कोणाच्या बाजूने उभं राहिलं, हे समजायला या चार नावांचा उपयोग होतो. हेसिंग गेला त्यानंतर दोन महिन्यांत शिंदे आणि इंग्रज यांच्यात असईची लढाई झाली, तिसऱ्या महिन्यात, ऑक्टोबर १८०३ मध्ये, इंग्रज सेनापती लेकने आग्रा घेतलं. थडगं उभारणाऱ्या कुटुंबाच्या डोळ्यांदेखत सत्ता पालटली, तरी दगडावर धनी म्हणून नाव शिंद्यांचंच राहिलं.

यातलं काहीही घुमटाकडे पाहून कळत नाही. घुमट एवढंच सांगतो की घरात पैसा होता आणि आग्र्यात कसबी पाथरवट होते.

याच आवारात वॉल्टर राइनहार्ट या भाडोत्री सेनानीची अष्टकोनी, घुमटाची कबर आहे. हिंदुस्थानात त्याला ‘समरू’ म्हणत. पाटण्याला १७६३ मध्ये त्याने केलेल्या इंग्रज कैद्यांच्या कत्तलीमुळे इंग्रजांनी त्याचा आयुष्यभर माग काढला. तो ४ मे १७७८ रोजी आग्र्यात मेला. त्याची पलटण पुढे बेगम समरूने चालवली आणि तिच्याच पलटणी १८०३ मध्ये शिंद्यांच्या बाजूने असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, उभ्या होत्या. या जर्मनभाषक माणसाच्या थडग्यावर लेख आहे पोर्तुगीजमध्ये, सोबत फारसीत. पोर्तुगीज ही मिशनची भाषा, फारसी दरबाराची. डी बॉयननंतर शिंद्यांचा सरसेनापती झालेल्या पेराँची मुलंही इथेच पुरलेली आहेत.

गोव्याचा धागा याहून जुना. अकबराच्या बोलावण्यावरून १५७९ मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री निघाले आणि १५८० च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यानंतर आग्र्याच्या मिशनला माणसं आणि हुकूम गोव्याकडून येत राहिले. दफनभूमीतलं सर्वांत जुनं प्रार्थनाघर मात्र एका आर्मेनियनाचं, १६११ साली वारलेल्या खोजा मोर्तेनेपुसचं. आर्मेनियन व्यापाऱ्यांनी जागा, पैसा आणि आधार दिला नसता तर या पाद्र्यांना मरणानंतर जमीन मिळणंही कठीण गेलं असतं. शाहजहानच्या फौजेने १६३२ मध्ये हुगळी जिंकली आणि पोर्तुगीज कैदी आग्र्याला आणले. कैदेत मेलेले पाद्री या प्रार्थनाघरात पुरले गेले, आणि ‘संतोस’ हे नाव, म्हणजे पवित्र पाद्री, त्यांच्या आठवणीशी जोडलं जातं.

त्याच प्रार्थनाघरात आणखी दोन जेझुइट पाद्र्यांची नावं आहेत. आल्बेर द’ऑर्व्हिल १६६१ मध्ये योहान ग्रुबरबरोबर पेकिंगहून पायी निघाला, ल्हासा आणि काठमांडू ओलांडून १६६२ च्या वसंतात आग्र्याला पोचला आणि काही आठवड्यांत, ८ एप्रिलला, मेला. ग्रुबरसोबत पुढे रोमपर्यंत गेला तो हाइनरिख रोट. रोटने आग्र्यात पंडितांकडे सहा वर्षं संस्कृत शिकून लॅटिनमध्ये संस्कृतचं व्याकरण लिहिलं होतं. युरोपात देवनागरी अक्षरांचे जे पहिलेवहिले छापील नमुने निघाले त्यांत १६६७ चे नमुने त्याने करून दिलेले. व्याकरणाचं हस्तलिखित मात्र तीनेकशे वर्षं रोममध्ये पडून राहिलं आणि १९८८ मध्ये छापलं गेलं. तो स्वतः आग्र्याला परतला आणि १६६८ मध्ये तिथेच वारला. पुढच्या शतकातला योझेफ टीफेनथालर हा भूगोलाचा मोठा अभ्यासक. ग्वाल्हेरजवळच्या नरवरला अनेक वर्षं राहिला. १७८५ मध्ये लखनौला वारला आणि त्याला पुरायला आग्र्याला आणलं.

आता दोन छोटे लेख जवळून पाहू, म्हणजे अक्षरांचा आग्रह कशासाठी ते स्पष्ट होईल.

पहिला जेरोनिमो वेरोनेओचा. सेबास्तियाँव मान्रिक या पाद्र्याने लिहून ठेवलं की ताजमहालाचा आराखडा वेरोनेओ नावाच्या व्हेनिसच्या जवाहिऱ्याने केला. त्यावरून विसाव्या शतकात मोठा वाद झाला. बहुतेक इतिहासकार तो दावा मानत नाहीत. मान्रिक आग्र्यात आला तेव्हा वेरोनेओ जिवंत नव्हता, हे आपल्याला कळतं ते थडग्यामुळे: इथे जेरोनिमो वेरोनेओ आहे, लाहोरला २ ऑगस्ट १६४० रोजी वारला, एवढाच पोर्तुगीज मजकूर. ताजचा उल्लेख नाही, शिल्पी असल्याचा उल्लेख नाही. वादात दोन्ही बाजूंना मान्य असलेलं कागदाबाहेरचं प्रमाण म्हणजे ही ओळ. त्यातला एक आकडा पुसला गेला असता तर ऐकीव गोष्टीला उलटतपासणीच उरली नसती.

दुसरा जॉन मिल्डनहॉलचा. हा इंग्रज व्यापारी जून १६१४ मध्ये अजमेरला वारला आणि त्याला आग्र्यात पुरलं. हिंदुस्थानातलं हे सर्वांत जुनं माहीत असलेलं इंग्रजाचं थडगं. त्याची शिळा १९०९ मध्ये ई. ए. एच. ब्लंट या अधिकाऱ्याने शोधून काढली, म्हणजे तोवर ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही कुणाला माहीत नव्हती. कारण उघड आहे. तिच्यावर नाव पोर्तुगीज वळणाचं आहे: जोआ दे मेन्देनाल. इंग्रजी नाव शोधणाऱ्याला ते दिसलंच नसतं. तारखेचीही गंमत नाही, खरी अडचण आहे. पोर्तुगीज पाद्री १५८२ पासून ग्रेगोरियन पंचांग पाळत, इंग्रज १७५२ पर्यंत जुलियन. सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचं अंतर. सुरतेच्या इंग्रज वखारीचा कागद आणि आग्र्याची शिळा यांत १० दिवसांचा फरक दिसला तर एकाला खोटं ठरवायची घाई करू नये. आर्मेनियन लेखांत तर आकडे अक्षरांनी लिहिलेले असतात. त्यांच्या सनात ५५१ मिळवले की इसवी सन येतो, पण इराणमधल्या जुल्फाच्या आर्मेनियनांचा १६१६ च्या सुमारास सुरू झालेला वेगळा लहान सनही वापरात होता. एक अक्षर झिजलं की पूर्ण शतक चुकू शकतं.

दगड झिजतो कसा, हे नीट कळलं तर काय करायचं आणि काय टाळायचं ते आपोआप कळतं. आग्र्याच्या बांधकामातला वालुकाश्म थरांचा असतो. खाणीत ज्या अंगाने पडलेला असतो त्याच अंगाने, म्हणजे थर आडवे ठेवून, तो बसवला तर टिकतो. फलक म्हणून उभा लावला की थर दर्शनी बाजूला समांतर येतात, आणि पाणी आत शिरलं की पापुद्रे सुटतात. अक्षरांची खोली बहुधा दोन-तीन मिलिमीटर. एक पापुद्रा गेला की आख्खी ओळ जाते. जमिनीतून ओल वर चढते, तिच्याबरोबर क्षार. पाणी पृष्ठभागावर उडून जातं, क्षार आतल्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगतात. पावसाळ्यात विरघळायचं, उन्हाळ्यात पुन्हा स्फटिक व्हायचं, असं दरवर्षी. ज्या उंचीवर पांढरी भुकटी दिसते त्या पट्ट्यात दगड सर्वांत लवकर पिठासारखा सुटतो. सपाट पडलेल्या शिळांचं दुखणं वेगळं: कोरलेल्या अक्षरांत पाणी साचतं, त्यात धूळ, धुळीत शेवाळ आणि दगडफूल.

या नैसर्गिक झिजेपेक्षा जास्त नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या कामातून होतं, आणि हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पहिला गुन्हेगार सिमेंट. सांध्यात सिमेंट भरलं की सांधा दगडापेक्षा कठीण आणि बंदिस्त होतो. पूर्वी ओल चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडायची, आता ती दगडातून पडते, आणि सोबत सिमेंटमधले क्षारही नेते. पाच-दहा वर्षांनी सांधा शाबूत आणि दगड खोल गेलेला, असं उफराटं चित्र दिसतं. चौथऱ्याभोवती सिमेंटचा कोबा केला तरी तेच: जमिनीतली ओल बाजूने निघू शकत नाही म्हणून भिंतीत वर चढते. कोबा नको, माती थडग्यापासून बाहेरच्या दिशेला ५० ला १ अशा उताराने उतरवली आणि वर्षानुवर्षं साचलेला मातीचा थर मूळ पातळीपर्यंत काढला की निम्मं काम होतं.

दुसरी चूक साफसफाईतली. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनाआधी कुटुंबं थडगी घासूनपुसून काढतात. ही श्रद्धा मोलाची आहे आणि तिला कुणी हात लावू नये. पण संगमरवरावर ॲसिड टाकलं की अक्षरांच्या कडा त्याच क्षणी विरघळतात. तारेचा ब्रश, ब्लीच, प्रेशरच्या पाण्याचा फवारा, अक्षरांत भरलेला ऑइलपेंट, सगळे घातक. ऑइलपेंट भरणारा माणूस झिजलेलं अक्षर स्वतःच्या अंदाजाने रंगवतो, आणि पुढच्या पिढीला तोच अंदाज खरा लेख वाटतो. मेणबत्ती थेट शिळेवर न लावता पत्र्याच्या थाळीत लावली तरी पुरे. मेण एकदा दगडात मुरलं की सहज निघत नाही. साफसफाईला स्वच्छ पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि बांबूची किंवा लाकडाची पट्टी लागते. दगडफूल कोरडं खरवडलं तर त्याला चिकटलेले कणही सुटतात. आधी पूर्ण भिजवायचं, अर्धा तास थांबायचं, मग हलक्या हाताने. फारच चिवट असेल तर २-३ टक्के अमोनियाचं पाणी, आणि लगेच साध्या पाण्याने धुणं. पापुद्रे सुटलेल्या शिळेला यातलं काहीही करायचं नाही. तिला संवर्धक येईपर्यंत हात लावायचा नाही.

पिंपळाचं रोप दिसलं की उपटायची घाई होते. मुळं सांध्यात आडवी पसरलेली असतात. ओढली की दगड सरकतो. बुंधा कापायचा, ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावायचं, मूळ आत मरू द्यायचं. पुढच्या वेळी सांधा उघडून सुटतील तेवढी मुळं काढायची आणि पोकळीत चुन्याचं पातळ मिश्रण सोडायचं. सांधे भरायला मुरवलेला चुना हवा, निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवलेला; एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग स्वच्छ, टोकदार कणांची वाळू, किंवा काही वाळूच्या जागी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. जुना सांधा २०-२५ मिलिमीटर खोल, हातछिन्नीने मोकळा करायचा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात. भरल्यावर ओली गोणपाटं आठ-दहा दिवस. चुना हवेतून हळूहळू, महिन्याला साधारण मिलिमीटरभर खोलीपर्यंत पक्का होत जातो, म्हणून आग्र्याच्या मे महिन्यात आणि जानेवारीच्या कडाक्यात हे काम काढू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे खरे महिने.

पण हे सगळं नोंदीनंतर. कारण कितीही जपून केलं तरी दुरुस्तीत काहीतरी जातंच.

नोंद म्हणजे मोबाइलवर काढलेला समोरचा फोटो नव्हे. भर दुपारच्या उन्हात समोरून काढलेल्या फोटोत उथळ अक्षरं दिसतच नाहीत. प्रकाश शिळेला जवळजवळ समांतर, १० ते १५ अंशांनी यायला हवा. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा, नाहीतर शिळेवर सावली धरून मोठ्या आरशाने एका बाजूने उजेड टाकायचा. चारही बाजूंनी एकेक फोटो घ्यायचा, कारण उभ्या रेघा एका दिशेच्या प्रकाशात दिसतात, आडव्या दुसऱ्या. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि क्रमांकाची पाटी. ज्या शिळा अगदीच पुसट झाल्या आहेत त्यांना कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून, दिवा घुमटासारखा फिरवत ४० ते ६० फोटो घ्यायचे. चौकटीत दोन चकचकीत काळे गोल ठेवले की संगणक प्रत्येक फोटोतल्या प्रकाशाची दिशा त्यांवरून काढतो, आणि मग पडद्यावर उजेड हवा तसा फिरवून वाचता येतं. एका शिळेला अर्धा-पाऊण तास. महागडं काहीही लागत नाही. संगणकाचे हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. पूर्ण थडग्याचा आकार टिपायचा तर चालत चालत, प्रत्येक फोटो आधीच्याशी ६० ते ८० टक्के जुळेल असा काढायचा.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, कोळसा, तेल, साबणाचा फेस यांतलं काहीही लावायचं नाही. ओल्या कागदाचा ठसा घेण्याची जुनी पद्धत भक्कम दगडावर ठीक; सुटणाऱ्या दगडावर कागदाबरोबर इतिहासही निघून येतो.

वाचन दोघांनी, एकमेकांचं न पाहता करावं आणि मग ताडावं. ओळ जिथे संपते तिथेच ओळ तोडायची. गेलेलं अक्षर अंदाजाने भरलं तर चौकटी कंसात, न वाचता आलेल्याला तितके ठिपके. स्पेलिंग सुधारायचं नाही. ‘मेन्देनाल’चं कुणी ‘मिल्डनहॉल’ केलं असतं तर पाद्र्यांच्या कानावर ते नाव कसं पडलं हे कायमचं गेलं असतं. शिळेची लांबी, रुंदी, जाडी, दगडाचा प्रकार, डोक्याची दिशा, नकाशावरची जागा आणि आजची अवस्था, हे सगळं त्याच कागदावर. नक्षीही नोंदीचाच भाग आहे: मोगली कमान, कलमदान, क्रूस कोणत्या जातीचा, हे पाहून लेख नसलेल्या थडग्याचाही काळ बांधता येतो.

यावर एक आक्षेप ऐकू येतो की हे सगळं होऊन गेलेलं आहे. ब्लंटची संयुक्त प्रांतातल्या ख्रिस्ती थडग्यांच्या लेखांची यादी १९११ मध्ये छापली गेली. आर्मेनियन लेख मेस्रोब सेठ यांनी वाचून १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही कामं थोर आहेत आणि त्यांच्याशिवाय आज आपण आंधळे असतो. पण ब्लंटची निवड ‘ऐतिहासिक महत्त्वाच्या’ लेखांची होती, आणि महत्त्व कशाला ते एका इंग्रज अधिकाऱ्याने १९११ मध्ये ठरवलं होतं. शिंद्यांच्या तोफखान्यातल्या कुणा देशी ख्रिस्ती गोलंदाजाची बायको त्याला महत्त्वाची वाटण्याचं कारण नव्हतं. शिवाय यादीत मजकूर मिळतो, शिळेचं चित्र आणि नेमकी जागा मिळत नाही. वाचनात शंका आली तर तपासायला मूळ दगडच हवा, आणि त्यानंतर शंभराहून अधिक पावसाळे गेले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त तिखट: हे भाडोत्री सैनिक, पगार देईल त्याचे, आणि पाद्री तर धर्मप्रसाराला आलेले. त्यांच्या कबरींवर महाराष्ट्राने पैसा का घालावा? हा राग समजण्यासारखा आहे. १८०३ मध्ये कंपूंतल्या कितीतरी युरोपीय अधिकाऱ्यांनी शिंद्यांना ऐन वेळी सोडलं, पेराँनेही. पण म्हणूनच तर ही नोंद आपल्याला हवी. महादजींनी उत्तरेत कवायती फौज का उभारली, ती कोणावर अवलंबून होती, ती १८०३ मध्ये का विसकटली, हा मराठ्यांच्या इतिहासातल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे, आणि त्यातल्या माणसांची लग्नं, वयं, बढत्या, जखमा या दगडांवर आहेत. थडगं जपणं म्हणजे माणसाचा गौरव करणं, असं समीकरण मांडायचं कारण नाही. समरूचा गौरव कुणीही करू नये. त्याची तारीख मात्र हवी. उलट बाजूने, कोरलेल्या मजकुरावर आंधळा विश्वासही नको. लेख शोकात असलेलं कुटुंब आठवणीतून लिहितं. पराक्रम वाढतो, साल इकडचं तिकडे होतं. दिल्लीतल्या हिंगणे वकिलांची पत्रं आणि पुण्यातली दफ्तरं यांच्याशी प्रत्येक तारीख ताडून पाहावी लागेल. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले, ही तारीख मराठी कागदांत पक्की आहे. कंपूतल्या अधिकाऱ्यांच्या थडग्यांवरचे तपशील अशा पक्क्या खुंट्यांशी बांधता येतात. हे काम मोडी आणि मराठी येणाऱ्यांशिवाय होणार नाही.

चर्चचा आक्षेप सर्वांत आदराने ऐकायला हवा: ही प्रार्थनेची जागा आहे, पर्यटनस्थळ नाही. मान्यच आहे, आणि म्हणूनच आधी नोंद हा आग्रह उपयोगी पडतो. तिकीटघर, रोषणाई, सेल्फी पॉइंट यांतलं काही त्याला लागत नाही. तीन-चार माणसं पंधरा-वीस दिवस शांतपणे काम करतात आणि निघून जातात. स्मरणदिनाच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडून द्यावा, हयात कुटुंबांच्या अलीकडच्या कबरी नोंदीतून वगळाव्यात किंवा त्यांना विचारूनच घ्याव्यात, आणि नोंदीची एक पूर्ण प्रत आग्रा महाधर्मप्रांताकडे राहावी. हेसिंगचं थडगं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत आहे. कायद्याने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरांत परवानगीची अट असते. इमारतींपासूनचा हा बंदोबस्त चांगलाच, पण ओल आणि क्षार त्याने थांबत नाहीत. तिवई लावून फोटो काढायला खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, म्हणून अर्ज पावसाळ्यातच जावा, म्हणजे ऑक्टोबरचं तिरकं ऊन वाया जात नाही.

माणसं मिळतील का, ही शंका मात्र खरी नाही. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी लेखांची शाखा नागपुरात आहे. फारसी लेखांतले कालश्लेष, म्हणजे अक्षरांच्या किमतींची बेरीज करून काढायचे सन, सोडवणारी माणसं तिथेच आहेत. पोर्तुगीज आणि लॅटिन वाचणारे पाद्री आणि अभिलेखपाल गोव्यात. मोडी दफ्तरं पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पेशवे दफ्तरात. आर्मेनियनसाठी कोलकात्याच्या आर्मेनियन चर्चकडे जावं लागेल. म्हणजे चार लिप्यांपैकी तीन वाचणारी माणसं महाराष्ट्र आणि गोव्यात आहेत. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने या तीन ठिकाणांना एका टेबलाशी बसवावं, पहिल्या हंगामात फक्त मोर्तेनेपुसचं प्रार्थनाघर, समरूची कबर आणि हेसिंगच्या भोवतालच्या शिळा घ्याव्यात, आणि प्रत्येक लेखाचं मूळ वाचन, मराठी अनुवाद आणि फोटो कुणालाही पाहता येतील असे खुले ठेवावेत. तीच पद्धत मग घरी आणता येईल. लोकमान्यांचे सहकारी, होमरूल चळवळीतले काका बाप्टिस्टा मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. तिथली नोंदही याच नमुन्यावर व्हावी.